फाटणारा रस्ता

तिसऱ्या वळणावर रस्ता पुन्हा फाटला. स्क्रीनच्या मधोमध आडवी चीर पडली, वरचा अर्धा रस्ता पुढे पळाला, खालचा अर्धा मागे रेंगाळला आणि बाईंची लाल गाडी भिंतीला घासत गेली. टेबलाला आवळलेल्या स्टिअरिंगवरचे हात त्यांनी हळूच खाली घेतले.

"छान दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "झाडाचं पानन् पान दिसतंय."

शेजारी बसलेल्या जावयाचा चेहरा खुलला. हा नवा मॉनिटर कालच त्याने सासूबाईंसाठी हौसेने आणला होता.

बाईंनी उभा जन्म शहरबस चालवली. गुडघा कुरकुरू लागला तसं डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीत नेऊन बसवलं. पाय बसला, पण हात काही बसेनात. ताट पुसायला घेतलं तरी ते वळणावर वळवावं तसं वळायचं. मग जावयाने हे खेळातलं स्टिअरिंग हाती दिलं आणि सासू-जावयाची अशी जोडी जमली, की लेक म्हणायची, "लग्न नक्की कुणाचं झालंय या घरात?"

आज संध्याकाळी ऑनलाइन शर्यतीची निवड बंद होणार होती. जोडीतल्या दोघांच्या सर्वांत वेगवान फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करायची, पहिल्या वीस जोड्या मुख्य शर्यतीत. जावई आपली फेरी सकाळी स्वतःच्या घरी मारून आला होता, आणि झकास मारून आला होता. उरल्या होत्या बाई. जुन्या मॉनिटरवर हेच वळण त्या लोण्यातून सुरी फिरावी तसं घ्यायच्या. पण जावयाने आणलेल्या वस्तूला तोंडावर नावं कशी ठेवायची? जीभ रेटत नव्हती.

आणखी एक फेरी झाली. पुन्हा तीच भिंत.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो उठून दाराशी गेला. "आई, इथून त्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचा बरं."

बाईंना वाटलं, गुडघा गेला तो गेला, आता डोळेही गेले तर हे स्टिअरिंगही सुटणार. त्यांनी एका श्वासात सगळं वाचून टाकलं. "खाली छापखान्याचा पत्ता आहे. तोही वाचू?"

"नको. नजर माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची." त्याने डोकं खाजवलं. "मग वळण का चुकतंय?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रागावणार नाही ना, जावईबापू? रस्ता फाटतो."

"फाटतो? कधीपासून?"

"कालपासून."

"आणि तुम्ही छान, छान म्हणताय?"

"तुम्ही आणलाय ना. पण तुम्हाला कसं दिसलं नाही?"

जावई ओशाळला. "मी कुठे स्क्रीन बघत होतो? तुम्हाला आवडला का, म्हणून तुमचं तोंड बघत होतो."

दोघंही हसले आणि दोघांमधली ती अदब जरा सैल झाली. तो खुर्ची ओढून बसला. "हा मॉनिटर सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड नव्वद-शंभर चित्रं काढून दमतं. कार्डाचं चित्र पुरतं उतरलेलं नसतं, तोवर मॉनिटर दाखवून मोकळा."

"म्हणजे माणसाचा एक पाय पायरीवर आणि बस सुटली."

"अगदी तसंच."

"मग थांबायला सांगा की त्याला."

"सांगितलंय मी, कॉम्प्युटरमध्ये..." तो अडखळला. मॉनिटरच्या खाली हात घालून त्याने बटण दाबलं. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला. कार्डाच्या चालीने चालायची सोय त्यात होती, पण बंद होती. "हे मी उघडलंच नाही," तो पुटपुटला आणि त्याने ती चालू केली.

"कार्डावरचं ओझंही कमी करा. ती प्रेक्षकांची गर्दी काढा."

"आई, किती सुंदर दिसतेय ती."

"त्यातलं कुणी माझ्या ओळखीचं नाही."

गर्दी गेली, बॉनेटच्या चकाकीत तरंगणारे ढग गेले. बाईंनी स्टिअरिंग धरलं. रस्ता आला, आणि अखंड आला. वळण आलं, वळणामागून वळण आलं, पाण्यात पाणी मिसळावं तसं चित्रात चित्र मिसळत गेलं. तिसरं वळण हातांनी आपसूक घेतलं, भिंत नुसती वाऱ्यासारखी कानाजवळून गेली. बाईंच्या गळ्यातून गुणगुण निघत होती, ती त्यांची त्यांनाही ऐकू येत नव्हती. गाडीने रेषा ओलांडली.

यादीत त्यांची जोडी सतराव्या जागी चढली. जावई टुणकन उठला. पण निवड अजून बंद झाली नव्हती. कुणीतरी वर घुसलं, अठरा. पाठोपाठ आणखी दोन जोड्या घुसल्या, वीस. बाईंनी जावयाचं मनगट घट्ट धरलं. यादी एकदा लुकलुकली आणि तिच्याखाली निवड बंद झाल्याची ओळ उमटली. त्यांची जोडी विसावीच होती.

जावई मटकन खुर्चीत बसला. "आलो, आई. आत आलो."

बाईंनी त्याचं मनगट सोडलं, डोळे टिपले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आता मोकळेपणी सांगते हं, जावईबापू. उतारावर तुम्ही ब्रेक फार लवकर दाबता. कधीचं सांगायचं होतं."