गोलातली जागा

मैदानावर प्रत्येक मुलाची एक नेमकी जागा असते, आणि ती ओळखणं हेच प्रशिक्षकाचं पहिलं आणि शेवटचं कर्तव्य होय. हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. प्रशिक्षकाची जागा मला कशी मिळाली, ते मात्र वहीत नाही. पालकसभेच्या दिवशी मी सर्दीने घरी पडलो होतो, आणि आमच्या नागिसे गावात जो सभेला येत नाही तो एकमताने निवडून येतो.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. फुटबॉल कधी खेळलो नव्हतो, म्हणून वाचला. तीन पुस्तकं वाचली आणि एक पांढरा चुंबकी फळा आणला. मुलांच्या सामन्यात एका बाजूला आठ जण, म्हणून फळ्याबरोबर आठ निळी चुंबकं. त्यातलं एक पहिल्याच आठवड्यात हरवलं. त्याच्या जागी मी फ्रिजवरचं, नळदुरुस्तीवाल्याच्या जाहिरातीचं चुंबक लावलं. ते गोलकीपरसाठी. बाकीचे सात सारखे इकडून तिकडे सरकवायचे असतात, गोलकीपर तिथल्या तिथेच. त्याच्या अंगावर फोन नंबर असला तरी काही अडत नव्हतं.

गोलकीपर म्हणजे माझा मुलगा तेप्पेई.

गोलात उभं राहायला कुणीच तयार नव्हतं, असं मी धरून चाललो. विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोराला गोलात उभं केलं, तर त्याच्या आईला वाईट वाटणार. आपल्या पोराला पुढे गोल मारायला ठेवलं, तर सगळ्या गावाला वाईट वाटणार. पुढची जागा मी हिकिची-सानच्या मुलाला, गाकुला दिली. गाकु अंगाने थोराड होता, हे एक कारण वहीत आहे. दुसरं असं, की आम्ही सामन्यांना जायचो ती मिनीबस हिकिची-सानच्या बांधकाम कंपनीची. बसबद्दल त्यांनी कधी अवाक्षरही काढलं नाही. मला तेच भीतीदायक वाटायचं.

अशी दोन वर्षं गेली. वहीत नोंदी आहेत. ‘गाकु : चेंडू पुन्हा हाताने अडवला. या हंगामात सातव्यांदा. एकाग्रता कमी.’ ‘तेप्पेई : चेंडू पायाशी घेऊन गोल सोडून पळाला. पुन्हा. जागेची शिस्त नाही.’ दोन्ही नोंदींखाली मी लाल रेघ मारली आहे. शनिवारी मैदानावर चुन्याची रेघ मारून मी सात जणांना ऑफसाइड शिकवायचो : चेंडू आपल्याकडे टाकला जाण्याआधीच समोरच्या बचावफळीच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं नाही. तेप्पेईला तेवढा वेळ साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसायला सांगायचो. पुस्तकाप्रमाणे गोलकीपरचा स्वतंत्र सराव घ्यायचा असतो. भिंत स्वतंत्रच होती.

गेल्या जानेवारीत तो भिंतीपाशी न जाता माझ्याकडे आला.

‘‘कोच, एक विचारू?’’

मैदानावर बापाला कोच म्हणायचं, हा नियम माझाच.

‘‘विचार.’’

‘‘फेब्रुवारीत सहावीच्या मुलांचा निरोपाचा सामना आहे ना? त्यात मला पुढे खेळवाल? सगळा सामना नको. थोडा वेळ.’’

‘‘हे घरगुती बोलणं झालं. घरी बोलू.’’

घरी जेवताना त्याने पुन्हा तोंड उघडलं. ‘‘बाबा, ते सामन्याचं...’’

‘‘फुटबॉलचं मैदानावर. इथे भात संपव.’’

माझी बायको युकिए मिसोच्या सूपचे वाडगे ठेवत होती. तिने एक वाडगा जरा जोरात ठेवला.

‘‘मैदानावर घर, घरी मैदान! पोराने बोलायचं कुठे, वाटेत थांबून?’’

‘‘तुला कळत नाही. पुढची जागा हिकिचींच्या गाकुची आहे. शेवटच्या सामन्यात ती काढून घेतली तर कसं दिसेल?’’

‘‘आणि दोन वर्षं हा भिंतीशी टक्कर देतोय, ते कसं दिसतं? बाहेरच्यांच्या पुढे पाट मांडा आणि आपल्याला उंबऱ्यावर बसवा. फारच मोठं मन हो तुमचं.’’

तेप्पेईने भात संपवला. ‘‘राहू दे आई,’’ तो म्हणाला. ‘‘गोलातून मैदान चांगलं दिसतं.’’

हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलला, हे मला कळलं. बारा वर्षांच्या मुलाने आपल्याला सांभाळून घ्यावं आणि आपण ते घेऊ द्यावं, ही काही सुखाची गोष्ट नाही. मी लोणच्याचा मुळा चावत बसलो. ‘बघू’ म्हणालो. नगरपालिकेत आम्ही ‘बघू’ कशाला म्हणतो, ते माझ्या मुलाला माहीत होतं.

सामन्याच्या दिवशी समुद्रावरून वारा सुटला होता आणि मध्येच बर्फाळ भुरभुर. बसमध्ये मुलं दप्तरांची फेकाफेकी करत होती. तेप्पेई खिडकीशी. त्याने नारिंगी जर्सी घरूनच घातली होती. ती आमची एकुलती एक गोलकीपरची जर्सी, बाह्या बोटांपर्यंत येणारी. त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं पडलं असतं, नकार तरी देता आला असता.

मध्यंतराला आम्ही शून्य-तीनने मागे होतो. गाकुने चेंडू दोनदा हाताने अडवला होता. त्या दिवशी चहाची पाळी हिकिची-सानची होती. ते थर्मास घेऊन आले, बार्लीचा गरम चहा त्यांनी मला ओतून दिला आणि तिथेच घुटमळले.

‘‘मिझोबुची-सान, एक बोलायचं होतं. नको, जाऊ दे.’’

‘‘बोला की.’’

‘‘प्रशिक्षकाच्या कामात पालकांनी तोंड घालू नये. नियम आहे.’’

‘‘नियम मीच केलाय. बोला, चार मिनिटं उरलीत.’’

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. ‘‘आमच्या गाकुला गोलात उभं राहायचंय. शेवटची दहा मिनिटं तरी. दोन वर्षं घरी मोज्यांचे गोळे करून आईला फेकायला लावतो आणि गादीवर सूर मारतो. गादी फाटली.’’

मी चहा तसाच धरून उभा राहिलो.

‘‘मग बोलला का नाहीत इतके दिवस?’’

‘‘कसं बोलणार? मानाची जागा ती. हातमोजे वेगळे, जर्सी वेगळी. प्रशिक्षकांनी स्वतःच्या मुलाला ठेवलीय म्हटल्यावर आम्ही काय समजायचं ते समजलो.’’ ते घाईने म्हणाले, ‘‘राग नाही हां आमचा. मी असतो तर मीही तेच केलं असतं.’’

‘‘पण ती मिनीबस...’’

‘‘बसचं काय?’’ हिकिची-सान गोंधळले. ‘‘हीटर कमी पडतोय का?’’

कोनात्सु नावाची आमची मधल्या फळीतली मुलगी शेजारी बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘कोच, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘तुम्ही म्हणाला होता ना, ज्याने त्याने आपली जागा सांभाळायची. दुसऱ्याच्या जागेत घुसायचं नाही.’’

मी पंचांकडे जाऊन बदल सांगितला. तेप्पेईने जर्सी काढून गाकुला दिली. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. एवढं मोठं काही हातात पडलं की मुलं आधी ते लपवतात. गाकुने बाह्या ओढल्या, त्याला त्या बरोबर आल्या. तेप्पेई निळ्या जर्सीत माझ्यासमोर उभा राहिला.

‘‘मी कुठे उभं राहू, कोच?’’

दोन वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. मी फळा उचलला. नळदुरुस्तीवाला उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला. ‘‘इथे. आणि मोकळा खेळ.’’ मोकळं खेळायला सांगणं हे तिन्ही पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात आहे.

उत्तरार्धात गाकुने सहा चेंडू अडवले, दोन तर अशक्य. हिकिची-सान रेघेबाहेर थर्मास छातीशी धरून उभे होते. पुढे तेप्पेई धावत होता, पण चेंडू त्याच्यापर्यंत येत नव्हता. हळूहळू तो पुढे पुढे सरकत समोरच्या गोलापाशी जाऊन उभा राहिला. पाय किंचित फाकून, हात सुटे, वाट बघत. दोन वर्षं ज्या जागेवरून खेळ पाहिला तशीच जागा त्याने तिथे शोधली. मला ते दिसत होतं. पण मी त्याला मोकळा खेळ म्हणालो होतो.

शेवटची दोन मिनिटं असताना कोनात्सुने लांब चेंडू टाकला. तेप्पेईने तो छातीवर घेतला, खाली उतरवला आणि कोपऱ्यात मारला. इतका स्वच्छ की त्यांचा गोलकीपर हललासुद्धा नाही. तेप्पेई वळला आणि दोन्ही हात वर करून सगळं मैदान ओलांडत माझ्याकडे धावत सुटला.

‘‘बाबा! बाबा!’’

शिट्टी त्याच्या आधीच वाजली होती. पंच एक हात वर करून उभे होते. आमची बाकीची सहा मुलं जागच्या जागी थांबली होती. त्या सगळ्यांना चुन्याची रेघ आठवत होती. गाकु लांबून ओरडला, ‘‘तेप्पेई, ऑफसाइड!’’

तो माझ्यापाशी येऊन थांबला. धाप लागली होती. ‘‘कोण?’’ त्याने विचारलं. ‘‘त्यांच्यातलं कोण?’’

हा शब्द त्याला माहीत होता. गोलातून बघताना ऑफसाइड नेहमी समोरच्यांचाच व्हायचा आणि आपला जीव वाचायचा. मी तोंड उघडलं. तेवढ्यात पंचांनी हाताने खूण केली, चला, खेळ सुरू. तो वळून परत गेला, चालत.

शून्य-तीनच राहिलं. मुलांनी रांगेत उभं राहून समोरच्यांना वाकून नमस्कार केला, मैदानावरचे खडे उचलले. बसमध्ये गाकु जर्सी न काढताच झोपला. हिकिची-सान मला तीनदा म्हणाले, ‘‘खूप उपकार झाले.’’ आणि तेप्पेईबद्दल मी काही म्हणेन म्हणून थांबले. मी हीटरबद्दल बोललो.

रात्री जेवणं झाल्यावर युकिएने टेबल पुसलं, पण सोया सॉसची बाटली आणि तीन वाट्या उचलल्या नाहीत. माझ्यासमोर सरकवल्या आणि आत गेली. मी तेप्पेईला हाक मारली. बाटली म्हणजे गोल, वाट्या म्हणजे बचाव करणारे, दाताच्या काड्यांचा डबा म्हणजे तो. वीस मिनिटं समजावलं.

‘‘एवढंच?’’ तो म्हणाला.

‘‘एवढंच.’’

त्याने डबा दोन बोटांनी अर्धी वीत मागे घेतला आणि बघत राहिला. ‘‘इथे असतो तर गोल होता.’’

‘‘होता.’’

एप्रिलमध्ये तो माध्यमिक शाळेत गेला. तिथे फुटबॉलचा संघ नाही. टेबल टेनिसचा आहे.