सेनिसाला कर्नलचं नाव

दरीच्या तोंडाशी फेर्मिन ओरोपेसानं पिकअप थांबवला, खाली उतरला आणि नव्या फलकावरचं कापड ओढून काढलं. ते कापड शनिवारी काढायचं होतं, बँड वाजवून, शाळेची पोरं रांगेत उभी करून. त्याला तेवढा धीर निघाला नाही.

फलक नवाकोरा, वार्निशचा वास अजून गेलेला नव्हता. चित्र मात्र झकास काढलेलं. राखाडी अंग, पाठीवर फिकट पट्टे, शेपटीला खुळखुळा. आणि चित्राखाली ही एवढाली अक्षरं: 'हारग्रेव्हचा खुळखुळ्या साप'. त्याच्याखाली बारीक तिरकं लॅटिन. त्यातपण हारग्रेव्हच घुसलेला.

"हारग्रेव्हचा?" फेर्मिन फलकालाच म्हणाला. "त्याच्या बापानं अंडी घातली होती काय?"

खरं तर हा साप अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, हे फेर्मिनइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण राग आल्यावर माणूस असल्या गोष्टी बघत बसत नाही.

सान तोर्क्वातो गावात त्या सापाला सेनिसा म्हणतात. सेनिसा म्हणजे राख. मेस्किटचं लाकूड जळून गेलं की चुलीत जी राहते ना, तोच रंग. फेर्मिनची आजी सेनिसा म्हणायची, आई म्हणायची, खाणीवरची माणसं म्हणायची. फेर्मिन स्वतः एकतीस वर्षं काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, साप पकडणारा. कुणाच्या पडवीत, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सेनिसा निघाली की हा आकडी आणि बादली घेऊन हजर. धरायची, डोंगरात नेऊन सोडायची. उजव्या हाताची दोन बोटं तिनंच वाकडी केलेली. त्याचा राग त्यानं कधी धरला नाही. आपण तिच्या अंगावर हात टाकला, ती चावली, विषय संपला.

राग होता तो कर्नलवर.

कर्नल हारग्रेव्ह म्हणजे तांब्याच्या खाणीचा जुना मालक. फेर्मिनच्या आजोबाच्या काळात मजुरांनी संप केला, तेव्हा ह्या बहाद्दरानं बंदुकीच्या धाकानं तीनशे माणसं आगगाडीच्या गुरांच्या डब्यात कोंबली आणि खूप लांब वाळवंटात उतरवून दिली. पाणी नाही, सावली नाही. आजोबा सेरापियो आठ दिवस चालत परत आला. डावा पाय मरेपर्यंत ओढत होता.

आणि गंमत अशी की हाच सेरापियो संपाच्या दोन वर्षं आधी कर्नलच्या एका पाहुण्याला घेऊन दरीत गेला होता. पाहुणा मोठा विद्वान, संग्रहालयातला. त्याला वेगळा साप हवा होता. सेरापियोनं दुभंगलेल्या काठीनं सेनिसा धरून दिली. विद्वानानं ती स्पिरिटच्या बरणीत बुडवली, शहरात जाऊन 'नवी जात सापडली' म्हणून छापलं, आणि ज्याच्या टेबलावर महिनाभर फुकट जेवला त्याचं नाव तिला ठोकून दिलं. बरणीला बांधलेली चिठ्ठी संग्रहालयात अजून आहे. तिच्यावर तारीख आहे, दरीचं नाव आहे, कर्नलचं तर आहेच. पकडणाऱ्याच्या जागी लिहिलंय: 'खाणीवरचा एक मजूर'.

फेर्मिननं कापड काखेत मारलं आणि दरी ज्या उद्यानात येते त्याच्या कचेरीत तडक गेला.

तिथली साहेबीण म्हणजे इनेस, आडनाव केली. बाप आयरिश, आई ह्याच गावची. लहान असताना फेर्मिनच्या अंगणात डाळिंबं चोरून खायची. आता गणवेश घालते, पण त्याला अजून तिओच म्हणते, काका म्हणतात तसं.

"तिओ, ते कापड?"

"वाऱ्यानं उडालं."

"दोन गाठी मारल्या होत्या मी."

"मग वाऱ्यानं सोडल्या. आमचा वारा हुशार आहे, तुझ्या फलकवाल्यांपेक्षा." त्यानं कापड टेबलावर आदळलं. "इनेस, ते नाव काढ."

"बसा आधी. कॉफी घेता?"

"कॉफी घाल चुलीत. माझ्या आजोबाला ज्यानं गुरासारखं हाकललं, त्याचं नाव माझ्या सापाला? शनिवारी पोरांकडनं टाळ्या वाजवून घेणार तू त्याला?"

इनेसनं सुस्कारा सोडला. "लॅटिन नावाला कुणाचा हात लागत नाही, तिओ. जगभराचा नियम आहे. जे आधी रीतसर छापलं, ते टिकतं. ज्याचं नाव दिलं तो माणूस नालायक होता म्हणून बदलत नाहीत."

"चोर असला तरी?"

"चोर असला तरी."

"बरं. लॅटिन ठेव. लॅटिन आता पाद्रीसुद्धा वाचत नाही. वरचं ते मोठ्या अक्षरांतलं नाव काढ. ते तरी आमचं आहे ना? तिथं सेनिसा लिही."

"ते नाव मी ठरवत नाही. साप-सरड्यांच्या नावांची यादी करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडनं येतं. आणि ते बघतात, जिथला साप तिथली माणसं त्याला काय म्हणतात."

फेर्मिन उठूनच उभा राहिला. "कुठली माणसं? कोण आलं होतं विचारायला? माझ्या दारात तर एक कुत्रं आलं नाही! अख्ख्या गावात एक माणूस दाखव, जो तिला हारग्रेव्ह म्हणतो. एक! मी आत्ता जाऊन त्याचं थोबाड फोडतो."

इनेसनं कपाटातनं एक जाडजूड फाइल काढली आणि हळूच त्याच्यापुढे सरकवली.

"तुम्ही ओरडणार म्हणून दाखवत नव्हते," ती म्हणाली. "यादीवाल्यांनी काउंटीकडनं मागवले होते. साप पकडल्याचे फॉर्म. एकतीस वर्षांचे."

फेर्मिननं चष्मा लावला. पहिला फॉर्म. घर कुणाचं, तारीख, सापाची लांबी. सापाचं नाव: हारग्रेव्हचा खुळखुळ्या. पकडणारा: फेर्मिन ओरोपेसा. अक्षर त्याचंच, 'ओ'ला शेपूट काढायची खोड त्याचीच. दुसरा फॉर्म तसाच. दहावा तसाच.

"किती आहेत?"

"चारशे बारा."

आणि मग त्याला आठवलं. नोकरीचा पहिला आठवडा. पहिली सेनिसा त्यानं धोब्याच्या दुकानातनं काढली आणि फॉर्मवर ऐटीत लिहिलं, 'सेनिसा'. वरच्या साहेबानं लाल पेन्सिलनं खोडून कागद परत फेकला. म्हणाला, असला साप पुस्तकात नाही, नीट नाव लिही. नवी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला. ह्यानं मान डोलावली आणि नीट नाव लिहिलं. मग दरवेळी लिहिलं. तोंडानं सेनिसा म्हणायचं, हातानं कर्नल लिहायचा. तो साहेब केव्हाच मेला, लाल पेन्सिल केव्हाच संपली. तरी ह्याचा हात लिहीतच राहिला.

आजोबाचं नाव त्या चिठ्ठीवर कधी आलं नाही. नातवाचं आलं. चारशे बारा वेळा, कर्नलला खेटून.

"हे खोडता येतात?" त्यानं विचारलं.

"जुन्या कागदाला हात नाही लावता येत, तिओ. यादी चार-पाच वर्षांनी पुन्हा बघतात. तोवर नवे फॉर्म वेगळे आले तर... काही सांगता येत नाही."

तो निघाला. जाताना कापड मात्र तिथंच ठेवलं.

घरी थोरली बहीण आनाक्लेता तव्यावर तोर्तिया भाजत होती. वय चौऱ्याहत्तर, पण जीभ पंचविशीतली.

"काय रे, फोडलास का फलक? सगळं गाव सांगतंय, तू कापड पळवलंस म्हणून."

"आनाक्लेता, ते नाव मीच लिहिलंय."

"फलकावर?"

"फॉर्मवर. एकतीस वर्षं." आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिनं तोर्तिया तव्यावर तशीच करपू दिली. फेर्मिनला वाटलं आता ती रडेल. ती कसली रडतेय!

"आजोबाच्या त्या पायाला तेल कोण चोळायचं? मी! त्याच्या कण्हण्यानं झोप कुणाची उडायची? माझी! आणि तू, घोड्या, रोज सकाळी बिल्ला लावून त्या राक्षसाची आरती करत होतास?"

"नोकरी जाईल असं वाटलं होतं."

"एकदा वाटलं असेल. चारशे बारा वेळा वाटलं?"

तो आपल्या वाकड्या बोटांकडे बघत बसला. महिनाअखेरीला त्याची निवृत्ती होती. केक सांगून झाला होता. तिसऱ्यांदा चावली तर हात जाईल, असं डॉक्टरनं बजावलेलं. त्याला नोकरी सोड म्हणून दोन वर्षं टुमणं लावलं होतं ते आनाक्लेतानंच.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेमागच्या गल्लीत ग्विंडन बाईंच्या कपडे धुण्याच्या यंत्रामागे साप.

फेर्मिननं बहिणीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती खेकसली. करपलेली तोर्तिया तिनं कोंबड्यांना भिरकावली. "जा. आणि ह्या खेपेला नीट लिही."

ग्विंडन बाई टेबलावर चढून बसल्या होत्या. यंत्र पुढे ओढलं तर मागे सेनिसाच, चांगली तीन फुटी, गोळा होऊन बसलेली. खुळखुळा असा वाजत होता की भांडी थरथरावीत.

"बोल, बोल. तुझंही बरोबर आहे," फेर्मिन तिला म्हणाला. आकडी घातली, उचलली, बादलीत सोडली, झाकण दाबलं. काम झालं.

"कुठला साप हो हा?" टेबलावरून बाईंनी विचारलं.

"सेनिसा."

"ते माहितीये. मी इथंच वाढले. पुस्तकात काय म्हणतात?"

"पुस्तकात चुकीचं छापलंय," फेर्मिन म्हणाला.

पिकअपमध्ये बसून त्यानं फोन काढला. आता फॉर्म फोनवर असतो. सापाच्या नावाची यादी तयारच येते, नुसतं बोट लावायचं. हारग्रेव्ह सगळ्यात वर. एकतीस वर्षांची सवय, बोट तिकडेच निघालं होतं. त्यानं ते मागे ओढलं आणि खाली खाली जात 'इतर'वर दाबलं. रिकामा चौकोन उघडला. वाकड्या बोटानं एकेक अक्षर टोचत त्यानं लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा शिवी दिली, तिसऱ्यांदा जमलं.

पाच मिनिटांत काउंटीच्या कचेरीतली, त्याला मानानं डॉन म्हणणारी पोरगी फोनवर.

"डॉन फेर्मिन, हे सेनिसा काय लिहिलंत? आपल्या यादीत नाही ते. फॉर्म परत पाठवते, दुरुस्त करा."

"पाठव. मी तोच पुन्हा पाठवतो."

"मी पुन्हा परत पाठवीन."

"मी पुन्हा."

ती हसली. म्हणाली, "अहो, महिनाअखेरीला तर तुम्ही चाललात. कशाला डोक्याला ताप?"

मागे बादलीत सेनिसा अजून शांत झाली नव्हती. फेर्मिननं गाडी सुरू केली.

"कोण म्हणालं मी चाललोय?" तो गरजला. "केक रद्द करा!"