कोरडे हात

टॉवेल कोरडा होता.

सरकीची ढेप, कणीक, चिमूटभर भाजलेली मेथी.

अकोल्यात एका पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर हात धुवायचं स्टीलचं भांडं, काठोकाठ भरलेलं.

कंडक्टरनं तिकिटाला पाडावी तशी खाच.

ओल्या बोटांना फोन दाद देत नाही.

एप्रिल. सकाळचे नऊ. गोवर्धन गुडघाभर पाण्यात उभा होता आणि हातातली तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, ताणलेली होती. अचलपूरच्या पुढचं हे लहानसं धरण. बडनेऱ्याहून पहिली एसटी धरली की तो आठपर्यंत इथं पोचतो. रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरी कुणी नाही. गेल्या नऊ महिन्यांपासून काठावरही कुणी नाही.

मासा वर आला. रोहू. चार किलोचा तरी. शेपटीच्या वरच्या पात्याला खाच.

तोच.

हा मासा सहदेवनं दोनदा धरला होता आणि दोनदा सोडला होता. सहदेवचा मळा धरणाला लागून होता. वांगी, पालक, बांधाला झेंडू. वीस वर्षं दोघं शेजारी बसून गळ टाकत आले. गळाला लावायच्या ढेपेत मेथी घालायची ही युक्ती सहदेवची. गळाची उलटी नखी पक्कडीनं दाबून टाकायची, म्हणजे काढताना ओठ फाटत नाही, हेही त्याचंच. आणि सगळ्यात आधी हात ओले करायचे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो कोरड्या हातानं निघतो आणि तिथूनच मासा सडायला लागतो.

"खात नाई तं धरता कावून?" गावातले लोक विचारायचे.

"सोयऱ्याले भेटतो आपन, तं खातो का त्याले?" सहदेव म्हणायचा.

मग सहदेवला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला. हो. मुलगा शेखर त्याला अकोल्याला घेऊन गेला. बडनेऱ्याहून गाडीनं दीड तास. गोवर्धन एकदाही गेला नव्हता. जाऊन बोलायचं काय? काहीतरी दाखवायला मिळालं की मग बघू, असं तो नऊ महिने ठरवत होता.

आता दाखवायला होतं.

शून्य. मासा पाण्याबाहेर. "मासा भायेर, तवर आपला दम आत," हा सहदेवचा नियम. "तुले दम लागला म्हंजे त्याले लागला." गोवर्धननं श्वास रोखला.

पाच सेकंद. गळ सहज निघाला.

बारा. काठावर येऊन एका हातानं खिशातला फोन. बोट ओलं. पडदा हलेना.

वीस. टॉवेलच्या एका टोकावर मासा. दुसऱ्या टोकाला पुसलेले हात, बोटांच्या बेचक्यांसकट.

तीस. रिंग.

चाळीस. रिंग.

"बोला काकाजी!" शेखरची बायको रूपाली.

फोनवर बोलायला श्वास घ्यावा लागतो. गोवर्धननं घेतला. त्यापुढं त्यानं मोजलं नाही.

"पोरी, फोन सहदेवच्या समोर धर. लवकर."

"मामाजी, पहा कोन हाय! थांबा काकाजी, पाठीले उशी लावते त्यायच्या."

उशी लागेपर्यंत पडद्यावर अकोल्याचं छत दिसत राहिलं. पंखा. कोपऱ्यात जाळं. मग सहदेव. दाढी वाढलेली, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. गोवर्धननं फोन जेवणाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी मासा उचलला.

"सहद्या, पाह्य! तोच हाय. खाच पाह्य त्याची!"

"हो," सहदेव म्हणाला. मग मोठ्यानं, "हो. हो. हो!"

"किती खूश झाले पहा, काकाजी! इतका आवाज आजवर नाई निंघाला त्यायचा."

"हो! हो!" सहदेवचा डावा हात हलायला लागला. वर, खाली. वर, खाली. तळवा जमिनीकडे.

"टाटा करून राहिले तुमाले," रूपाली हसली.

गोवर्धनही हसला. मासा त्यानं आणखी वर धरला. आपल्याकडे कुणीतरी बघतंय, हेच पुष्कळ होतं. सहदेवचे डोळे ओले झालेलेही त्याला दिसले, आणि त्याचंही त्याला बरंच वाटलं.

तळवा. खाली. खाली.

वीस वर्षं हा हात काठावर असाच हलत आला होता. बोलण्यानं मासे बिचकतात म्हणून सहदेव हातानं सांगायचा.

पाण्यात टाक.

गोवर्धन मासा घेऊन धावला. मासा उलटला. पांढरं पोट वर. त्यानं एक हात पोटाखाली घेतला, एक शेपटीशी, आणि मासा सरळ धरून हळूहळू पुढं ढकलत राहिला. मागं ओढायचं नाही, कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. पुढं. फक्त पुढं. काठावर डबा कलंडला होता आणि फोन गवतात उताणा पडला होता. "काकाजी? आभायच दिसून राहिलं नुसतं," रूपालीचा आवाज आला. नंतर तोही बंद झाला.

बऱ्याच वेळानं कल्ले चालायला लागले. शेपटी त्याच्या तळहातातून निसटली. मासा गेला.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन गळ न घेता आला आणि धरणाचा काठ चालला. तिसऱ्या दिवशीही. वारा जिकडं लोटतो त्या बाजूला, बेशरमाच्या झाडांत, त्याला रोहू सापडला. शेपटीला खाच. पाठीवर, कापूस चिकटावा तशी बुरशी. दोन्ही बाजूंना त्याच बुरशीत उमटलेली चार-चार बोटं, एक-एक अंगठा. त्यानं वरून आपला हात धरून पाहिला. माप बरोबर जुळलं.

त्याच संध्याकाळी तो बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीत बसला.

रूपालीनं दार उघडलं. "काकाजी! आज कसा काय रस्ता सापडला?"

तो पलंगाच्या कडेला बसला. सहदेवनं त्याच्याकडे पाहिलं. पंखा, कोपऱ्यातलं जाळं, सगळं फोनवर दिसलं होतं तसंच होतं. खोली मात्र वाटली होती त्याहून लहान.

"मेला रे तो," गोवर्धन म्हणाला. "माह्या हातानं मेला. हात पुसले होते मी. फोनसाठी."

"हो," सहदेव म्हणाला.

तो रागात म्हणाला की आणखी कसा, ते कळायला दुसरा शब्द नव्हता. मग त्यानं डाव्या हातानं गोवर्धनचं मनगट धरलं, स्टुलाकडे ओढलं, आणि त्याचा हात भांड्यातल्या पाण्यात बुडवला.

"अवो मामाजी, पानी सांडून राहिलं न!" रूपाली फडकं आणायला आत गेली.

सहदेवनं मनगट सोडलं नाही. गोवर्धननंही हात काढला नाही. पाणी स्टुलाच्या पायावरून फरशीवर उतरत होतं.

झटक्याआधी सहदेवनं धरलेला शेवटचा मासा म्हणजे बोटभर चिलापी होती, आणि तिला हात लावण्याआधी त्यानं दोन्ही हात ओले केले होते.