आधी जोडली ती एसडीबी

माझ्या दुकानात एक नियम होता: एंटर मारण्याआधी गिऱ्हाइकाने कमांडची ओळ मोठ्याने वाचायची. पनवेलात डिस्क दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण या कुमुदने कोणाची डिस्क पुसलेली नाही, असं मी ऐटीत सांगायचे. मेली ती ऐट.

२००८ सालची गोष्ट. नेऱ्याची दिपिका आजीला, सखूबाईला, घेऊन आली. सखूबाई धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचा धवला तीच गायची. लकव्याने तिची वाचा गेली. त्याआधी रेकॉर्ड केलेले बत्तीस धवले एकाच डिस्कवर होते, आणि ती डिस्क मरायला टेकली होती.

"येवढेच हायत," दिपिका म्हणाली. "फुडच्या म्हयन्यात मला पयलं लगीन गायचाय. मला अजून येत नाय."

माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा, आणि लिनक्समध्ये प्रत्येक डिस्क एक फाइल म्हणून दिसते. जुन्या डिस्कला नाव मिळालं एसडीबी, धवले उतरवायला लावलेल्या कोरीला एसडीसी. मी चिठ्ठीवर लिहिलं: एसडीबीतून घे, एसडीसीवर लिही. तासभर कॉम्प्युटर नुसता एरर मोजत रखडला. डिस्क तापली, म्हणून सगळं बंद करून त्यांना उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी घाईत वायरी जोडल्या आणि तीच ओळ टाइप केली. दिपिकाने चिठ्ठीवर बोट ठेवून ती वाचली. अक्षर न् अक्षर जुळलं. मी एंटर मारलं.

आकडे सुसाट पळाले. एरर शून्य.

"आज बेस चाललाय, नाय?" दिपिका हसली.

काल रांगणारी डिस्क आज पळते कशी? अगं बाई, ही नावं डिस्कची नसतातच. पंगतीत जो आधी बसेल त्याला पहिलं पान. आज मी कोरी डिस्क आधी जोडली होती, म्हणून तीच एसडीबी झाली होती. म्हणजे कोऱ्या डिस्कमधलं काहीच-नाही मी सखूबाईच्या आवाजावर लिहीत होते. मी वायर उपटली.

नियम कसला, डोंबलाचा. आम्ही ओळ चिठ्ठीशी ताडली, डिस्कशी नाही.

संध्याकाळपर्यंत खरवडून एकतीस धवले हाती आले. पहिला गेला. डिस्कच खराब होती म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? शब्द जिभेवर आलेही होते. पण सखूबाई समोर बसून डाव्या हाताच्या बोटांवर धवले मोजत होती.

"माझ्या चुकीने गेला," मी म्हणाले. मला माझीच लाज वाटत होती.

"हलदीचा व्हता तो," दिपिका एवढंच बोलली.

मी माइक जोडला. लिनक्समध्ये तोही एक फाइलच. या वेळी आधी फुंकर मारून खात्री केली. "आठवेल तेवढं म्हण," मी म्हटलं.

दिपिका गायला लागली. सखूबाई टेबलावर हाताने ठेका धरत होती. दोन ओळींनंतर दिपिका थांबली. "फुडचा नाय येत."

सखूबाईचा हात वरच राहिला, तिसऱ्या ओळीची वाट बघत. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.