मांडीवरची ढाल

मित्रांनो, लढाई कधीच न पाहिलेली मी एक जुनी ढाल आहे. अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेची फिरती ढाल. सागवानी पाट, त्यावर लाल मखमल, मधोमध पितळी सिंह आणि भोवती विजेत्यांच्या नावांच्या पट्ट्या. सिंह जरा मांजरासारखा दिसतो, हे मला ठाऊक आहे. हसलात तरी चालेल. मला घडवणारे पुंजाराम मिस्त्री हातावेगळी करताना म्हणाले होते, "हिले टांगून ठेवू नोका. हे फिरली पाहिजे."

आणि मी खूप फिरले! जिंकणाऱ्याच्या शाळेत मी वर्षभर राहायचे, पण त्याआधी एक दिवस त्याच्या घरी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळे पाळायचे. एसटीत मी त्या मुलाच्या मांडीवर असायचे. कंडक्टर विचारायचा, "कोनाची हाय?" मूल छाती फुगवून म्हणायचं, "माही!" घरी चिंच लावून माझा सिंह घासला जाई, शेजारीपाजारी बघायला येत. पुढे वर्षभर शाळेच्या कपाटात बसून मी तो एक दिवस आठवत राही.

मग स्पर्धा मोबाईलवर गेली. मुलं घरूनच भाषण पाठवू लागली, प्रमाणपत्रही मोबाईलवरच येऊ लागलं. मोबाईलवर माझा राग नाही. सभेला घाबरणारी किती तरी मुलं त्याच्यासमोर बोलती झाली. पण त्याला कुणाच्या मांडीची गरज नाही, मला आहे. मी आयोजकांच्या कपाटात धूळ खात पडले. दार उघडलं की वाटायचं, आज नेतील. कुणी तरी कागदांचा गठ्ठा काढी आणि दार पुन्हा लागे. फार एकटं वाटायचं हो!

यंदा स्पर्धा पुन्हा सभागृहात भरली. मला पुसून टेबलावर ठेवलं, तेव्हा मला रडूच यायचं राहिलं होतं. विषय होता 'स्पर्धा आणि माणूस'. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावचा शिवम छान बोलला. टाळ्या पडल्या. त्याच्यानंतर बार्शीटाकळीची आचल उठली आणि नुसतीच उभी राहिली. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

शेवटी ती म्हणाली, "यानं जे म्हटलं, थेच माह्या तोंडी हाय. आमी दोघायनं मोबाईललेच विचारलं दिसते."

सगळे खो खो हसले. शिवमने मान खाली घातली. आचल मात्र बसली नाही.

"स्पर्धा तं आमच्या बाजारात रोजच होते," ती बोलू लागली. "माही माय भाजी विकते. बाजूले माणिकमावशी. दोघी एकमेकीपेक्षा जोरात वरडतात. मायचं गिऱ्हाईक मावशी ओढते, मावशीचं माय. पण मायले ताप आला, तं मावशीनंच तिचीबी भाजी विकली अन् पैसे घरी आणून देल्ले. मोबाईलले हे काय मालूम? मले ढाल पाह्यजे होती, कावून का मायले एक दिवस दाखवाची होती..."

घंटा वाजली. तिची वेळ संपली होती. निकाल लागला आणि मी शिवमची झाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं लक्ष आचलकडेच होतं.

परतीच्या एसटीत मी शिवमच्या मांडीवर होते. पुढच्या बाकावर आचल खिडकीतून बाहेर बघत होती. बार्शीटाकळी जवळ आली तसा शिवम आपल्या शिक्षकांना म्हणाला, "सर, एक दिवस इच्या घरी राहू द्या न ढाल."

देवीदास सर दचकले. "अन् हरपली तं?"

"सर, थे आधी उठली असती तं मीच गप उभा राह्यलो असतो. अन् मले तिच्यासारखं बोलता आलं नसतं."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. एसटी थांबली, तसं शिवमने मला आचलच्या हातात दिलं. "उद्या आणून देजो," एवढंच तो म्हणाला.

आचलची आई मनकर्णाबाई बाजारातच होती. तिने पदराने माझा सिंह पुसला आणि मला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, टोपलीवर ठेवलं. माणिकमावशी आपलं दुकान सोडून धावत आली. "मांजर हाय काय व हे?" तिने विचारलं, आणि तिघी पोट धरून हसल्या. इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आचलने मला शिवमच्या घरी पोचवलं. माझ्या पट्टीवर आता त्याचं नाव आहे आणि मी त्याच्या शाळेच्या कपाटात आहे. मित्रांनो, मोबाईलला खुशाल विचारा, पण भाषणात आपल्या घरचंही काही सांगा. जिंकलात तर मला टांगून ठेवू नका. माझ्या मखमलीला अजून सांबाराचा वास येतो. तो उडून जायच्या आत कुणी तरी मला पुन्हा मांडीवर घ्या.