दोन मुठींचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. होय, कुत्र्याचाच. नाक मुरडू नका. एकशे तेरा किलोमीटरची शर्यत मी पाहिली आहे, आणि नुसती पाहिली नाही, तिच्या मधोमध होतो. एवढं ऐकून घ्या, मग मला खुशाल पुन्हा खिळ्याला अडकवा.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. नायलॉनचं अंग, निळा रंग, लांबी पाच फूट. एका टोकाला हात घालायला शिवलेली मूठ आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी कडी. मूठ माणसासाठी, कडी जनावरासाठी. त्यामुळे कुणाची जागा कोणती, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

बाजारातून मला नानांनी आणलं. नाना म्हणजे लक्ष्मीकांतराव. त्यांचे आजोबा संस्थानात कारकून, वडील कचेरीत, आणि नाना स्वतःही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शहराच्या समा भागातल्या त्यांच्या घरात चमच्यापासून छत्रीपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. माझी जागा पुढच्या दाराआडचा खिळा. ही शिस्त नुसत्या हौसेची नव्हती. नानांची मुलगी नीरा शाळेत संगीत शिकवते. पस्तिशीत तिच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला आणि चाळिशीला दिसणं पार बंद झालं. वस्तू हलली की नीरा ठेचकाळायची, म्हणून त्या घरात वस्तू हलत नसत.

माझ्या कडीला होता खमण. खमण ढोकळ्यासारखा रंगाने पिवळा आणि अंगाने फुगलेला, म्हणून खमण. तो काही आंधळ्यांना वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा नव्हता. मांजर दिसलं की तो ओढायचा, मांजर नसलं तरी ओढायचा. नीरा त्याच्यामागे हसत धावायची आणि दोघांच्या मधे मी ताठ. ओढणं आणि ओढलं जाणं यापलीकडे जगात काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बारा वर्षांनी खमण म्हातारपणाने गेला. मी खिळ्यावर गेलो आणि दोन वर्षं तिथेच धूळ खात राहिलो.

त्या दोन वर्षांत दाराआडून मी माणसांचं एक निरीक्षण केलं. डोळे नसलेलं माणूस दिसलं की लोकांच्या मनात माया दाटून येते, आणि ती माया थेट त्याच्या मनगटावर जाऊन बसते. डॉक्टरांकडचा कंपाउंडर, रिक्षावाला, लग्नातल्या मामी, सगळे नीराचं मनगट पकडून तिला ओढत न्यायचे. एकदा ती कोपऱ्यावर नुसती उभी होती. एका भल्या गृहस्थाने तिला न विचारता रस्ता पार करवला आणि पुण्य पदरात पाडून निघून गेला. तिला पलीकडे जायचंच नव्हतं. घरी येऊन तिने हे नानांना हसत हसत सांगितलं, मग हसायची थांबली. "नाना, मी काय भाजीची पिशवी आहे का?"

नाना म्हणाले, "लोकांचा हेतू चांगला असतो गं." आणि जेवायला चल म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं.

एका रविवारी नीराच्या दोन मैत्रिणी आल्या. कॉलेजपासूनचं त्यांचं त्रिकूट. अहल्या बँकेत, पोहण्याधावण्याची हौस असलेली आणि बोलायला फटकळ. रमा शहराच्या दुसऱ्या भागात, हरणीला राहणारी. सासूसासरे, नवरा, दोन मुलगे आणि येणारेजाणारे अशा सगळ्यांना वाढून मग आपलं ताट घेणारी. अहल्याने बातमी आणली होती. शहराबाहेरच्या तळ्यावर लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार होती. आधी एक किलोमीटर नऊशे मीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत.

"मीपण," नीरा म्हणाली.

चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले. मग रमा म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." रमा तोवर बागेतल्या फेऱ्यांपलीकडे कधी धावलेली नव्हती.

अहल्याने फोनवर नियम शोधला. न दिसणाऱ्या स्पर्धकाला एक गाइड घेता येतो. पाण्यात आणि धावताना दोघांना दोरीने जोडलेलं असावं लागतं, आणि सायकल दोघांची मिळून एक. "आणि हे बघ. गाइडने स्पर्धकाला ओढायचं नाही. ओढलं तर बाद."

"परत वाच," नीरा म्हणाली.

अहल्याने परत वाचलं.

"मला मेडल नको," नीरा म्हणाली. "मला एकदा, सबंध एक दिवस, कुणी न ओढता जायचंय."

नाना उठले आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. दुसऱ्या दिवशी नीरा आणि रमा मला सयाजीगंजात, स्टेशनासमोरच्या मोच्याकडे घेऊन गेल्या. कडी कापून टाका आणि तिथेही मूठ शिवा, असं त्यांनी सांगितलं. मोच्याने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि गुजरातीत विचारलं, "बेन, पट्टाने बे हाथा? तो कूतरो क्यां बंधाशे?" दोन मुठी, तर कुत्रा कुठे बांधणार, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

"हवे कूतरो नथी, काका," नीरा म्हणाली. "बे बहेनपणी छे." आता कुत्रा नाही, दोन मैत्रिणी आहेत.

कडी कापली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. खमणची तेवढीच खूण उरली होती. पण दुसरी मूठ शिवून झाली आणि दोघींनी एकेकीत हात घातला, तेव्हा काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या दोन्ही टोकांना माणसंच होती.

आठ महिने सराव चालला. समाच्या तलावात पहाटे पोहणं, हरणीच्या सायकलवाल्याने दोन जुन्या सायकली जोडून बनवलेल्या जोडसायकलीवर हायवे, संध्याकाळी धावणं. मला नवं काम शिकावं लागलं, आणि ते म्हणजे सैल राहणं. ताठ व्हायचं नाही, लोंबायचंही नाही. रमाचा खांदा वळला की नीराला कळावं इतकंच मधे असायचं. जन्मभर ओढण्यात गेलेल्याला हे किती अवघड, ते तुम्हाला कळायचं नाही.

एकदाच बिघडलं. समोरून मोटारसायकल आली आणि रमाने मला हिसका दिला. नीरा फूटपाथवर बसली ती उठेना. मग आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी रमा दारात उभी राहून म्हणाली, "चुकलं. तोंडाने सांगायला हवं होतं."

"पुन्हा ओढलंस तर असेन तिथे थांबेन," नीरा म्हणाली. "शर्यतीतसुद्धा." तिचा शब्द म्हणजे शब्द, हे घरातल्या खिळ्यालाही माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेसहाला आम्ही तळ्यात उतरलो. माझी एक मूठ नीराच्या कमरेच्या पट्ट्यातून ओवलेली, दुसरी रमाच्या. पाणी गार आणि इतकं गढूळ की तोंड खाली घातलं की रमालाही काही दिसेना. तिथे दोघी सारख्याच झाल्या. नीराचे हात मात्र शांतपणे पडत होते, तिला अंधाराची सवय होती. आजूबाजूला शेकडो हातपाय पाणी घुसळत होते आणि मी दोघींच्या मधे तरंगत होतो. त्यांचे हात एकाच वेळी पाण्यात शिरू लागले, श्वास एकाच वेळी बाहेर येऊ लागले. पुढे पुढे कोणता झटका कुणाचा हे मला ओळखता येईना. पन्नाशीला टेकलेल्या दोन बायका, एकीला दिसत नाही, दुसरीने आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या, आणि एवढं पाणी त्या कापत चाललेल्या. मी थक्क झालो. कितीही ओढलं तरी सुटणार नाही अशा गाठीसारखा तो क्षण होता.

सायकलीवर मला काम नव्हतं. पुढे बसलेल्या रमाने मला घडी करून पाठीच्या खिशात ठेवलं. खिशात माझ्याशेजारी सुखडीच्या पुड्या होत्या, गूळ, तूप आणि कणकेच्या. नीराच्या नावाच्या आठ आणि रमाच्या स्वतःच्या आठ. दर पंधरा मिनिटांनी रमाचा हात मागे यायचा, पुडी काढायचा आणि नीराला द्यायचा. मिठालिंबाच्या पाण्याची बाटलीही तशीच.

"तू खाल्लंस का?" नीरा विचारायची.

"घेते गं. तुझं होऊ दे आधी."

पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत नीराच्या आठही पुड्या संपल्या. मग रमा आपल्या पुड्या काढून तिला देऊ लागली. नीराने शेवटची खिशात राखून ठेवली, बाकीच्या खाल्ल्या. त्या सोळांतली एकही रमाच्या तोंडात गेली नव्हती. मी सगळ्या मोजल्या होत्या. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. शर्यतीतही ती बाई सगळ्यांना वाढून मग बसणार होती.

दुपारी बाराला धावणं सुरू झालं. तळ्याकाठच्या रस्त्यावर सात सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्या छान गेल्या. मी दोघींच्या हातात डुलत होतो. वाटेत लोक टाळ्या वाजवायचे आणि रमा हळूच सांगायची, "खड्डा उजवीकडे. आता चढ. आता सावली." कुठेही ताण नव्हता.

सोळाव्या किलोमीटरला माझं रमाकडचं टोक जड झालं. आधी वाटलं, घामाने भिजलोय म्हणून असेल. मग तिची पावलं वाकडी पडू लागली आणि ती रस्त्याच्या कडेला बसली.

"पायात जीवच नाही," रमा म्हणाली. "डोळ्यांपुढे काळं येतंय."

"काय खाल्लंस सकाळपासून?"

रमाने तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "राहूनच गेलं गं. तुझं मोजत होते."

वळणावर अहल्या उभी होती. तिची शर्यत केव्हाच पूर्ण झाली होती. तिने घड्याळ बघून ओरडून सांगितलं, "पाच किलोमीटर उरलेत. पन्नास मिनिटं आहेत. नीट चाललात तरी पोचाल, बसून नाही."

गाइडशिवाय नीराला एक पाऊलही पुढे टाकता येणार नव्हतं. रमा रडायला लागली. "माझ्यामुळे गेलं तुझं."

नीराने खिशातली शेवटची पुडी काढली, चाचपून रमाचं तोंड शोधलं आणि सुखडी भरवली. वर पाणी पाजलं. तिला हाताने उठवलं. चार पावलं झाली आणि मी पुन्हा जड झालो. नीरा थांबली. मला वाटलं, झालं, संपली शर्यत.

मग ती म्हणाली, "रमा, ओढू का?"

तीन शब्द. नीराला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. खमणनेही नाही.

"ओढ," रमा म्हणाली.

नीरा पुढे झाली. मी ताठ झालो, पूर्वी व्हायचो तसाच, पण या वेळी पुढच्या टोकाला दिसत नसलेली बाई होती आणि मागच्या टोकाला दिसणारी. मागून आवाज यायचा, "जरा डावीकडे. सरळ. आता दगड." पुढून पाय चालायचे. वाटेवरचे लोक टाळ्या वाजवायचे विसरून नुसते बघत राहिले.

एक अधिकारी शिट्टी वाजवत मोटारसायकलवरून आला. "बेन, खेंचवानी मनाई छे."

"ए नियम गाइड माटे छे," नीरा न थांबता म्हणाली. "हुं गाइड नथी."

त्याने खिशातला नियमांचा कागद काढला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मनाई गाइडला होती, आणि नीरा गाइड नव्हती. मग कागद खिशात ठेवला आणि आमच्या मागोमाग अगदी हळू गाडी चालवत राहिला.

सुखडी आणि पाणी अंगात उतरलं तसा उरलेल्या पाचांतल्या तिसऱ्या किलोमीटरला माझ्यावरचा ताण कमी झाला. चौथ्याला रमा म्हणाली, "आता सोड. येते मी." मी सैल झालो. शेवटचं अंतर दोघी शेजारी शेजारी धावल्या आणि वेळ संपायला तीन मिनिटं असताना त्यांनी रेघ ओलांडली. स्पर्धकाने गाइडच्या आधी पोचायचं, या नियमाप्रमाणे नीरा अर्धं पाऊल पुढे.

रेघेपलीकडे नाना उभे होते. रिक्षा करून आले होते, सकाळपासून खुर्चीवर बसले नव्हते. ते दोन्ही हात पसरून पुढे आले, त्यांचा हात सवयीने तिच्या मनगटाकडे गेला आणि मधेच थांबला. वळणावरची गोष्ट अहल्याने त्यांना येऊन सांगितली असणार.

"नीरू," ते म्हणाले, "हात धरू का?"

नीराने माझ्या मुठीतून हात काढला आणि त्यांच्यापुढे केला. "धरा ना, नाना."

मी गवतात पडलो होतो, एक मूठ अजून रमाच्या हातात. एवढं मोठं काही मी पुन्हा बघेन असं वाटत नाही.

आता माझा निळा रंग पांढुरका झाला आहे, मोच्याची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली आहे. दाराआडच्या त्याच खिळ्यावर असतो. शेजारी खमणचा गळपट्टा आहे. दर रविवारी पहाटे रमा येते आणि आम्ही तिघं निघतो. आता निघण्याआधी नीरा रमाच्या तोंडात सुखडीचा तुकडा घालते आणि तो गिळल्याशिवाय माझ्या मुठीत हात घालत नाही.

तुम्ही कधी समाला त्यांच्याकडे आलात तर दार उघडायला नीराच येईल. तिचं मनगट धरू नका. आधी विचारा. ती हो म्हणेल, बहुधा. मग बघा, तिच्या हाताचं वजन तुमच्या हातात किती हलकं लागतं ते.