काकूंच्या गळ्यासाठी बांधलेला ॲम्प

मित्रांनो, मला सुरू करून लगेच तार छेडलीत तर मी गप्पच राहीन. आधी माझ्या पोटातल्या काचेच्या नळ्या तापायला हव्यात, त्यांत नारिंगी उजेड यायला हवा, मग मी बोलतो. गिटारचा एक जुना ॲम्प आहे मी, व्हॉल्व्हवर चालणारा. तुमच्या पणजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असायचे ना, त्यांच्याच भाऊबंदांतला.

इलेक्ट्रिक गिटार कधी नुसती वाजवून पाहा. डास गुणगुणावा एवढाच तिचा आवाज. तारेची ती बारीकशी थरथर वायरीतून माझ्याकडे येते, मी ती मोठी करतो आणि स्पीकरमधून खोलीत सोडतो. बस्स, एवढंच माझं काम. पण आवाज मोठा करणं वेगळं आणि चांगला करणं वेगळं. त्या दुसऱ्या कामासाठी माझा जन्म झाला.

मी कारखान्यातला नाही. मला एका बहीण-भावाने हाताने बांधलं. बहिणीला सगळे ताई म्हणत. ती पूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत होती. भाऊ सुतार, तो दादा. रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चाले. पुढच्या खोलीत लाकडाचा भुसा, मागच्या खोलीत सोल्डरिंगचा धूर. वर्षाकाठी जेमतेम सहा ॲम्प तयार व्हायचे आणि प्रत्येकावरून एक तरी भांडण व्हायचंच.

"अगं, अजून एक बटण? तेवढी भोकं मला पाडावी लागतात," दादा कुरकुरायचा.

"मग पाड की. सुतार कशाला झालास?" ताई वरसुद्धा बघायची नाही.

एके दिवशी दुपारी त्यांच्याकडे एक जोडपं आलं. नवरा गिटार वाजवायचा, बायको गायची. एका जुन्या हॉटेलात संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असे. तिथले सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. काकूंच्या घशाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. गळा वाचला होता, पण आवाज निम्माच परत आला होता.

"मोठा आवाज नको मला," काका म्हणाले. "आमचा आत्ताचा ॲम्प हळू ठेवला की पत्र्यासारखा वाजतो, आणि थोडा वाढवला की फाटतो. हिचं गाणं त्याखाली बुडून जातं."

"मग कसा हवा?" ताईने विचारलं.

काकांनी हवेत हात फिरवले, पण शब्द सापडेना. मग काकू हळूच म्हणाल्या, "धुतलेल्या सुती कापडासारखा. खळ घातलेला नको, चुरगळलेलाही नको."

ताईने ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याखाली आकडे मांडायला बसली.

तिने माझ्यासाठी गरजेपेक्षा बराच मोठा ट्रान्सफॉर्मर निवडला. कारण जाड तारा जोरात वाजल्या की एकदम पुष्कळ ताकद लागते. ती कमी पडली की आवाज फाटतो. ताकद भरपूर ठेवायची आणि वापरायची थोडी, म्हणजे आवाज मोकळा राहतो. माझा पहिला व्हॉल्व्ह तिने मुद्दाम शांत स्वभावाचा ठेवला. स्पीकर तर तीन बदलले. पहिला बोचरा निघाला, दुसरा घुमणारा. तिसऱ्याच्या वेळी दादाने रंधा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हा राहू दे." त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान चांगला होता.

काका मला घ्यायला आले, सोबत काकूही होत्या. काकांनी उत्साहाने सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि जोरात तारा छेडल्या. मी फाटलोच! लाजेने मेल्यासारखं झालं मला.

"बास, म्हणजे खर्जाचं बटण, कमी करा," ताई म्हणाली. "तीनच्या पुढे नको. गिटारचं बटण थोडं मागे घ्या. आणि बोटं जरा हलकी ठेवा."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे चूक माझ्या हाताची?"

"निम्मी तुमची, निम्मी माझी. माझी मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते. तुमची तुम्ही बघा."

काका आधी रुसले, मग हसले. त्यांनी बोटं हलकी केली. ताईनेही कबूल केल्याप्रमाणे आत एक भाग बदलला. मग काकूंनी एक ओळ गुणगुणली, मी त्यांच्याभोवती पसरलो, आणि त्यांचा एकही शब्द झाकला गेला नाही. काकू गाता गाता थांबल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, मला मी ऐकू येतेय."

त्यानंतरची दहा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. काका मला कधी जमिनीवर ठेवत नसत, स्टुलावर ठेवत. जमिनीवर ठेवला की बास घुमतो आणि वाजवणाऱ्याला फक्त गुडघ्यांनी ऐकू येतं, असं ते म्हणायचे. कार्यक्रम संपला की मला पूर्ण गार होऊ देत, मगच उचलत. हॉटेलात लोक जेवता जेवता चमचे खाली ठेवायचे. एकदा एका म्हाताऱ्या वाद्यदुरुस्तीवाल्याने माझ्यापाशी येऊन विचारलं, "यात काय घातलंय हो?" काका म्हणाले, "काही नाही. काय घालायचं नाही ते नीट ठरवलंय."

पण गळा हा काही ट्रान्सफॉर्मर नाही. काकू थकू लागल्या. कार्यक्रम आठवड्यातून एकदा झाला, मग महिन्यातून एकदा, मग बंद. मी घरातल्या कोपऱ्यात गेलो. सुरुवातीला माझ्यावर कापडी आच्छादन होतं. हळूहळू त्यावर वर्तमानपत्रं आली, इस्त्रीचे कपडे आले, एक कुंडीही आली. कुंडीतलं पाणी माझ्या डाव्या कोपऱ्यावर झिरपायचं. मुद्दाम कोणी केलं नाही हो. वापरात नसलेली वस्तू घरात आपोआप टेबल होते, एवढंच.

काका-काकूंना एक मुलगी होती. लाडाचं नाव चिमणी. नाव चिमणीचं, पण आवडता आवाज वाघाचा! एकोणिसाव्या वर्षी तिने मैत्रिणींबरोबर बँड काढला. त्यांचं संगीत दणदणीत होतं. एक दिवस तिने विचारलं, "बाबा, ॲम्प नेऊ?"

"ने. नाहीतरी कुंडीच सांभाळतोय तो," काका म्हणाले.

पण चिमणीला हवा होता फाटका आवाज, आणि मी काही केल्या फाटेना. शेवटी तिने मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने तिच्या सांगण्याप्रमाणे माझ्या पहिल्या व्हॉल्व्हाभोवतीचे भाग काढले आणि दुसरे जोडले. आता जरा तार हलली की मी डरकाळी फोडायचो. खरं सांगू? मला त्यातही मजा आली. फाटका आवाज म्हणजे वाईट आवाज नव्हे, तोही संगीतच. फक्त चिमणीने हे घरी सांगितलं नव्हतं. टेम्पोतून हादरे खाऊन माझा एक व्हॉल्व्हही आतून सैल झाला होता. तेही कोणाला कळलं नव्हतं.

अशात डॉक्टरांनी काकूंना दुसरी शस्त्रक्रिया सांगितली. पुढच्या मंगळवारी. "या वेळी आवाजाची खात्री देता येणार नाही," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. काकूंनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन म्हणाल्या, "शनिवारी माझी चार गाणी रेकॉर्ड करा. तेवढी मागे राहू देत."

बुधवारी काकांनी मला परत मागवून घेतलं, पुसलं, स्टुलावर बसवलं. काकू समोर खुर्चीत बसल्या. काकांनी पहिली तार छेडली आणि मी गुरगुरलो. काकूंची ओळ त्यात पार बुडाली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा गुरगुरलो. काय करणार? मला बांधलंच होतं आता तसं.

काकू थांबल्या. गळ्याला हात लावून म्हणाल्या, "अहो, माझाच आवाज गेलाय वाटतं. मला मी ऐकूच येत नाही."

चिमणी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, तुझा गळा ठीक आहे," ती म्हणाली. "मी ॲम्प बदलून घेतला होता. तुम्हाला न विचारता."

काकांनी गिटार खाली ठेवली. काकूच म्हणाल्या, "मग आता परत बदलून आण. दोन दिवस आहेत."

चिमणीने मला उचललं आणि थेट ताईकडे नेलं. ताई आता सत्तरीला टेकली होती. दादा पुढच्या खोलीत अजून रंधा मारत होता. ताईने माझी मागची फळी काढली, आत पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"काम स्वच्छ केलंय त्याने. पण हा आता दुसराच कोणीतरी झालाय."

"तुम्ही कराल ना पूर्वीसारखा?"

ताईने हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे हात आता सोल्डरिंगला चालत नाहीत. कान माझे, हात तुझे. आहे तयारी?"

चिमणीने मान हलवली आणि लगेच माझ्या आत हात घालायला गेली. ताई कडाडली, "थांब! प्लग काढला तरी याच्या पोटात वीज शिल्लक असते. जीव घेण्याइतकी. आधी ती उतरवायची, मीटरने खात्री करायची. तोवर एक बोटसुद्धा आत नाही."

मग दोन दिवस चिमणी त्या मागच्या खोलीत बसली. ताईने जुनी वही काढली. वहीत काकूंचं ते कापडाचं वाक्य होतं आणि त्याखाली सगळे आकडे. चिमणीने ते वाक्य दोनदा वाचलं आणि सोल्डरिंगला बसली. तिचा पहिला सांधा गोळ्यासारखा झाला. ताई म्हणाली, "काढ." दुसरा झाला, "काढ." तिसऱ्या वेळी ताई फक्त "हं" म्हणाली. दादाने दारातून डोकावून सांगितलं, "पोरी, तिचं 'हं' म्हणजे तुझं बक्षीस समज."

भाग सगळे बदलले, तरी माझ्यातून एक बारीक किणकिण येतच होती. शुक्रवारी सकाळी ताईने मला चालू ठेवलं आणि एक लाकडी पेन्सिल घेऊन बाहेरूनच एकेका व्हॉल्व्हाच्या काचेवर हलकेच टकटक केली. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यावर टिचकी पडताच स्पीकरमधून 'टण्ण' असा आवाज आला. "हा बघ चोर!" ताई म्हणाली. मला बंद करून, गार होऊ देऊन तिने कपाटातून नवा व्हॉल्व्ह काढून दिला.

चिमणीने तारा छेडल्या. आवाज स्वच्छ झाला होता. पण तिचा चेहरा खुलेना. "काहीतरी कमी आहे," ती म्हणाली.

"आई कमी आहे," ताई म्हणाली. "एकट्या ॲम्पचा आवाज कितीही चांगला लाव, उपयोग नाही. ज्याच्यासोबत वाजायचंय, त्याच्याकडे कान ठेवून बटणं लाव."

शनिवारी दुपारी घरातल्या मोठ्या खोलीत रेकॉर्डिंगवाला माईक लावून बसला. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. काका गिटार घेऊन बसले, काकूंनी गुणगुणायला सुरुवात केली, आणि चिमणी माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, आईच्या ओठांकडे बघत होती. बास थोडा कमी केला. काकूंचा खालचा स्वर मोकळा झाला. वरच्या स्वरांचं बटण केसभर मागे. घुमारा अगदी नावापुरता. मग तिने मला किंचित तिरकं वळवलं आणि विचारलं, "आई, तुला तू ऐकू येतेस का?"

काकूंनी डोळे मिटले आणि हो म्हणून गायलाच सुरुवात केली.

चार गाणी झाली. तिसऱ्यात एका जागी काकूंचा आवाज चिरकला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "पुन्हा घेऊ या?" काकू म्हणाल्या, "राहू दे. तोही माझाच आवाज आहे." काकांची बोटं इतकी हलकी मी कधी अनुभवली नव्हती.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. काकू सुखरूप घरी आल्या. आवाज मात्र आला नाही. आता त्या कागदावर लिहून बोलतात. घर कित्येक दिवस दबकून वागत होतं. मला वाटलं, आता माझी पुन्हा कुंडी सांभाळायची वेळ आली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काही जुनं वाद्य किंवा यंत्र असेल. त्यावर पाण्याची भांडी ठेवू नका, धूळ पुसत जा, अधूनमधून त्याला चालू करून बघा. आत हात घालण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि ती वस्तू बदलायचीच असेल, तर ती कोणासाठी बांधली होती हे आधी घरात विचारून घ्या. आम्हाला सांगता येत नाही, म्हणून मी आज सगळ्यांच्या वतीने सांगतोय.

परवाची सकाळ. घरात सगळे आपापल्या कामात होते. काकू एकट्याच आल्या, त्यांनी मला सुरू केलं आणि काकांची गिटार मांडीवर घेतली. त्यांना वाजवता येत नाही. एका बोटाने त्यांनी आपल्याच गाण्याची चाल शोधायला सुरुवात केली. एक सूर सापडला, दुसरा सापडला, तिसरा सपशेल चुकला. तेवढ्यात चिमणी दारात आली. तिला पाहून काकू हसल्या. खांदे हलले, डोळे मिटले, पण हसण्याचा आवाज आलाच नाही.

मग काकूंनी सर्वांत बारीक तार घेतली आणि बोटाने भराभर छेडली. टिंग टिंग टिंग टिंग!

अर्धी दाढी तशीच ठेवून काका धावत बाहेर आले. "कोण वाजवतंय?"

"वाजवत नाहीये कोणी, बाबा," चिमणी म्हणाली. "आई हसतेय."